प्रदीप भिडे सर, तुमच्या बातम्या मी वहीत उतरवून घेत होते

आदरणीय भिडे सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ७ जून २०२२ ला गेलात. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात आहे. मी सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आपली कधी भेट झाली नाही. पत्र तुमच्या नावाने आहे, पण मुंबई दूरदर्शनच्या त्या टेबलामागे बसून ज्यांनी ज्यांनी आम्हाला संध्याकाळच्या मराठी बातम्या दिल्या, त्या सगळ्यांनी ते आपलंच समजावं. तुमचं नाव वर घातलं, कारण तुमचा आवाज माझ्या कानात सगळ्यांत खोल बसलेला आहे आणि त्या आवाजाने मला वाचायला शिकवलं. अक्षरओळख शाळेतल्या बाईंनी करून दिली. समोरच्याला ऐकवण्यासाठी कसं वाचायचं, ते मात्र तुम्ही शिकवलंत.

आमच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या असा क्रम असायचा. सहावीत बातम्यांचं काम माझ्याकडे आलं. अडचण अशी होती, की पेपर सोलापूरहून एसटीने यायचा आणि एसटी दुपार झाल्याशिवाय गावात शिरायची नाही. परिपाठ तर सकाळी. आदल्या दिवशीच्या पेपरातून वाचावं, तर बातमी परवाची व्हायची. वर्गशिक्षकांनी तोडगा काढला. "रात्री टीव्हीवरच्या बातम्या ऐक आणि वहीत उतरवून आण," ते म्हणाले.

टीव्ही चुलत्यांकडे होता, ब्लॅक अँड व्हाइट. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर तो चालवायचा, कारण बातम्या चुकवायच्या नाहीत असा चुलत्यांचा दंडक होता. मी पुढ्यात वही घेऊन बसायची. सुरुवातीला ठळक बातम्या यायच्या, त्या निम्म्याअर्ध्या हाती लागायच्या. पुढे बातम्या सविस्तर चालू झाल्या, की सुटलेल्या जागा थोड्या भरायच्या. आणि अगदी शेवटी तुम्ही म्हणायचात, "ठळक बातम्या पुन्हा एकदा." सर, त्या चार शब्दांची मी किती वाट बघायची! तोपर्यंत वहीत मोकळ्या ठेवलेल्या जागा त्या शेवटच्या मिनिटात भरून निघायच्या. बातम्या दोनदा सांगतात त्या माझ्यासारख्यांनाच लिहून घेता याव्यात म्हणून, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, ती समजूत फारशी चूक नव्हती. छापलेलं पुन्हा वाचता येतं, पान मागे उलटता येतं. ऐकलेलं निसटलं की निसटलं. ज्याला हे ठाऊक आहे, तोच शेवटी थांबून पुन्हा सांगतो.

आणि लिहून घेता यायचं, हेच मला आज मोठं नवल वाटतं. सहावीतल्या पोरीचा हात केवढा चालणार? तरी तो तुमच्या मागे मागे जायचा. 'शिष्टमंडळ', 'अविश्वास ठराव', 'अध्यादेश', 'निलंबित' असले शब्द मी त्याआधी कधी ऐकलेले नव्हते. अर्थ दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारायची. पण शब्द वहीत बहुतेक वेळा बरोबर उतरलेला असायचा, कारण तुम्ही त्यातलं एकही अक्षर गिळायचा नाहीत. जोडाक्षर पूर्ण यायचं, शेवटचा 'ळ' शेवटपर्यंत 'ळ'च राहायचा.

काही दिवसांनी मी नुसत्या बातम्या उतरवायचं सोडून तुम्ही कुठे थांबता तेही उतरवायला लागले. वहीत पेन्सिलीने उभी रेघ मारायची. छोटा थांबा असला तर एक, मोठा असला तर दोन. आकडा येण्याआधी तुम्ही किंचित थांबायचात. परक्या देशाच्या पंतप्रधानाचं अवघड नाव आलं की त्याच्या आधी आणि नंतर जागा सोडायचात. एक बातमी संपून दुसरी सुरू होताना पुरता श्वास घ्यायचात, म्हणजे ऐकणाऱ्यालाही कळायचं की विषय बदलला.

या रेघा मारता मारता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या भाषेत क्रियापद सगळ्यात शेवटी येतं. "मुख्यमंत्र्यांनी आज विधानसभेत विरोधी पक्षांनी केलेली चौकशीची मागणी" इथपर्यंत ऐकलं, तरी मान्य केली का फेटाळली हे कळत नाही. सगळी बातमी त्या शेवटच्या शब्दात असते. नेमकं तिथेच वाचणाऱ्याचा श्वास संपतो आणि आवाज बसतो. परिपाठात माझंही तेच व्हायचं. मागच्या रांगेतली मुलं ओरडायची, "केली का न्हाई केली?" तुमचं तसं कधी झालं नाही. वाक्य कितीही लांब असलं, तरी शेवटच्या शब्दापुरता श्वास तुम्ही राखून ठेवलेला असायचा. बातमी लिहिणाऱ्याने इंग्रजी तारेवरून भाषांतर करताना वाक्य जरा ओढूनताणून केलं असलं, तरी तुमच्या तोंडून ते सरळ होऊन यायचं. हे मी तुमच्याकडून उचललं आणि आजतागायत माझ्या वर्गात पहिलं हेच शिकवते.

भाषेवरून आठवलं. आमच्या घरी 'आलतो', 'गेलतो', 'काय करायलाव' अशी बोली. तुमची भाषा पुस्तकातली, शहरातली. तिचं दडपण येईल असं कुणालाही वाटेल. मला ते कधी आलं नाही, याचं कारण तुम्ही ती भाषा तोऱ्यात बोलला नाहीत. आमच्या भागातल्या गावांची नावं तुम्ही मंडळी आम्ही घेतो तशीच घ्यायचात. गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, की त्या गावच्या माणसाला पहिल्याच शब्दाला कळतं, हा काही आपल्यातला नाही. मग पुढची बातमी खरी असली तरी त्याचं मन तिच्यात राहत नाही. माझ्या मुलांना मी सांगते, घरची बोली घरी आणि मित्रांत झोकात बोला, परिपाठात बातम्या वाचताना बातम्यांसारखं वाचा. एकीसाठी दुसरी टाकायची गरज नाही.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं सगळं लक्ष शेवटच्या हवामानावर. "विदर्भात बहुतेक ठिकाणी, मराठवाड्यात काही ठिकाणी आणि मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस" हे वाक्य कुणाला नुसतं पाठ केल्यासारखं वाटेल. आजी त्यातला एकेक शब्द तोलायची. 'तुरळक' म्हणजे आपल्याकडे काही नाही, 'काही ठिकाणी' म्हणजे नशिबात असेल तर, 'बहुतेक' म्हणजे उद्या पेरणीची तयारी. खूप पुढे, मी शिक्षिका झाल्यावर, हवामान खात्याच्या या शब्दांमागे पक्का हिशेब असल्याचं वाचलं. विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, पन्नासपर्यंत काही ठिकाणी, पंचाहत्तरच्या पुढे गेला तर बहुतेक ठिकाणी. आजीचा अंदाज त्या हिशेबाच्या फार जवळ होता. ती तो बांधू शकली, कारण तुम्ही ते शब्द एकमेकांत मिसळू न देता वाचलेत. हवामान म्हणजे बातम्यांची शेपूट, उरकून टाका, असं तुम्ही कधी केलं नाहीत.

आता ज्या दिवसांसाठी मला तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्यांचे खास आभार मानायचे आहेत, त्या दिवसांबद्दल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गाव उशिरा निजलेलं. पहाटे चारला चार मिनिटं असताना जमीन हलली. आमच्याकडे फडताळातली भांडी खाली आली, भिंतींना तडे गेले, जीव कुणाचा गेला नाही. तिकडे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मात्र किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. जवळपास दहा हजार माणसं गेली.

त्या दिवशी आमच्या गावात अफवांना ऊत आला. आज रात्री बाराला याहून मोठा धक्का आहे. धरणाला भेग पडली आहे, पाणी निघालं आहे. कुणी म्हणे जमीन फाटून धूर येतोय. फोन लागत नव्हते. माझी आत्या उमरगा तालुक्यात दिलेली. आजी सकाळपासून उंबऱ्यात बसून होती, पाणीसुद्धा घेत नव्हती.

संध्याकाळी चुलत्यांनी टीव्ही उचलून खिडकीत ठेवला, कारण घरात बसायला कुणी तयार नव्हतं. अंगणात निम्मं गाव जमलं. बातम्या सुरू झाल्या आणि अंगण गप्प झालं. पडद्यावरच्या माणसाचा आवाज रोजचाच होता. चढलेला नाही आणि रडवेलाही नाही. मागे कसलं संगीत नाही. आतापर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार इतके मृतदेह मिळाले, अमुक गावं उद्ध्वस्त झाली, मदतीची पथकं निघाली आहेत, तमुक ठिकाणचा संपर्क अजून तुटलेला आहे. जेवढं कळलं होतं तेवढंच सांगितलं. जे कळलं नव्हतं, ते कळलं नाही म्हणून सांगितलं. बारा वाजता येणाऱ्या धक्क्याचा आणि धरणाचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता, आणि आमच्या गावाला तेवढं पुरलं. "बातम्यांत न्हाई, म्हंजी न्हाई," असं म्हणून माणसं उठली. निजली मात्र खळ्यावरच, पण निजली.

मी गावांची नावं वहीत लिहून घेतली होती. आजीने विचारलं, "आक्कीच्या गावाचं नाव घेतलं का गं?" मी नाही म्हटलं. तिला पटेना. वही हातात घेऊन ती उलटीसुलटी करून बघितली, परत माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "सगळं वाच." मी कंदिलाशी बसून सगळी नावं वाचली. प्रत्येक नावानंतर थांबत, एकाही नावाचं टोक न गिळता. आजी बोटावर मोजत होती. यादी संपली तशी ती म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचली. तेव्हा कुठे तिने तांब्याला तोंड लावलं. आत्या सुखरूप असल्याचा निरोप पुढे मिळाला. पण ती रात्र आजीने त्या यादीच्या भरवशावर काढली.

सर, मी हे त्याआधी परिपाठात किती वेळा केलं होतं, पण कशासाठी करायचं ते त्या रात्री समजलं. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असताना वाचणाऱ्याने आपला आवाज जागेवर ठेवायचा, म्हणजे त्याला निदान काय झालंय ते तरी नीट कळतं. आठवड्याभराने शाळा भरली. भूकंपाच्या बातम्या मीच वाचल्या. समोर बसलेल्या दोघा-तिघांची माणसं तिकडे गेली होती. वाचताना माझे पाय लटपटत होते, पण वहीतल्या पेन्सिलीच्या रेघांनी मला थांब म्हटलं तिथे मी थांबले, आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचले.

तुमच्याबरोबरच्या मंडळींची नावं इथे लिहिलीच पाहिजेत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. डॉ. विश्वास मेहेंदळे तिथले अगदी सुरुवातीचे वृत्तनिवेदक. रंगभूमी गाजवणाऱ्या भक्ती बर्वे तिथे बातम्या वाचायच्या. मुलांसाठी इतकं गोड लिहिणारे अनंत भावे वाचायचे. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी त्याच टेबलामागे होत्या. यातल्या काहींना मी पाहिलेलं नाही, आई-आत्याकडून ऐकलं आहे. चारुशीला पटवर्धन आणि वासंती वर्तक यांना पाहून आमच्या वर्गातल्या मुलींनी पदर पिनअप करायला आणि ताठ बसायला शिकून घेतलं. सकाळी रेडिओवर आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे होत्याच. या साऱ्यांचं वाचणं वेगवेगळं होतं. सगळ्यांत सारखं काय होतं, तर समोर कुणीतरी ऐकतंय याची जाणीव.

आणि वर्षानुवर्षं तुम्ही तिथेच राहिलात. मुख्यमंत्री बदलले, सरकारं पडली, ब्लॅक अँड व्हाइट जाऊन रंग आले, एकच वाहिनी होती तिथे ढीगभर झाल्या, मुंबई दूरदर्शनचं सह्याद्री झालं. कागद हातात धरून वर बघणारे तुम्ही तेच. इतकी वर्षं बातम्या ऐकून तुमचं मत कुठल्या पक्षाला, हे आमच्या गावात कुणाला कधी सांगता आलं नाही. निवडणुकीच्या निकालांच्या रात्री जिंकलेल्याचं आणि पडलेल्याचं नाव तुमच्या तोंडून एकाच वजनाने यायचं. त्या बातम्या सरकारी होत्या, हे मला मान्य आहे. उद्घाटनं, कोनशिला आणि आश्वासनं त्यांत भरपूर असायची, सरकारला अडचणीचं कमी यायचं. मोठी झाल्यावर, चार वर्तमानपत्रं वाचायला लागल्यावर ते कळत गेलं. काय सांगायचं हे ठरवणारे दुसरे होते. कसं सांगायचं हे मात्र तुमच्या हातात होतं, आणि त्यात तुम्ही कधी आम्हाला गृहीत धरलं नाहीत.

आज माझ्या शाळेत मुलं मोबाइलवरून बातम्या काढतात. बातम्यांना आता तोटा नाही, एसटीची वाट बघावी लागत नाही, हे चांगलंच झालं. पण सुरुवातीला ती वाचतात कशी, तर वाहिन्यांवर ऐकतात तशी. पहिल्या शब्दापासून आवाज टिपेला, श्वास नाही, मध्येच "सर्वात मोठी बातमी" असा हाकारा. बातमी असते तालुक्याच्या पाणीपुरवठ्याची. मी त्यांना रागावत नाही. जे कानावर पडतं तेच तोंडात येणार. मी त्यांना तुमच्या जुन्या बातम्यांचा तुकडा ऐकवते, कागद देते आणि पेन्सिलीने रेघा मारायला लावते. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे एवढं सावकाश का बोलतात?" मी म्हटलं, तू लिहून घे बघू. तिने लिहून घेतलं, सगळं आलं, आणि मग पुन्हा काही विचारलं नाही. आता ती परिपाठाला उभी राहिली की मुलांचा गलका थांबतो. तिच्या घरी कुणी शाळेत गेलेलं नाही. संध्याकाळी ती आजोबांना पेपर वाचून दाखवते, असं तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा सांगत होती.

तुम्ही पुढे जाहिरातींना, माहितीपटांना, कितीतरी कार्यक्रमांना आवाज दिलात. त्यासाठी तुमचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. माझे आभार त्या रोजच्या बातम्यांसाठी आहेत, ज्यांना कुणी टाळ्या वाजवत नाही. इंग्रजीतून आलेली बातमी घाईघाईत मराठी करणाऱ्या, अक्षर मोठं आणि सुवाच्य ठेवणाऱ्या, बातम्या चालू असताना कॅमेऱ्यात न येता ताजा कागद टेबलावर सरकवणाऱ्या आणि डोंगरावरच्या प्रक्षेपण केंद्रात रात्रपाळीला बसून ते सगळं आमच्या खिडकीपर्यंत पोचवणाऱ्या अनोळखी माणसांचेही आभार. त्यांची नावं पडद्यावर आली नाहीत. त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना सांगायचंय, सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलीने तुमचं काम रोज रात्री वहीत जपून उतरवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मोठ्याने वाचलं होतं.

तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार कळावा.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका